मेलेलं जिवंत म्हणून विकू नका

युरियाची टंचाई झाली की काही दुकानदार म्हणतात, युरिया पाहिजे तर जिवाणू खताची दोन पाकिटंही घ्यावी लागतील. शेतकरी चरफडत घेतो आणि घरी खुंटीला टांगून ठेवतो. मग पारावर बसून सांगतो, त्या पावडरीनं काय होत नाही बघा. होईल कसं? पाकीट दोन महिने पत्र्याच्या दुकानात भाजून निघालेलं असतं.

ही पावडर म्हणजे मीठ नव्हं, त्यात जीव असतो. 2006 साली केंद्र सरकारनं जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात घेतली. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये निदान 5 कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, असा त्यात नियम आहे. पण जालन्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, त्यातले किती जगले हे मोजायला कोण येतं? गाईला भरवायला डॉक्टर येतो, तो रेतनाच्या कांड्या थंड भांड्यात घेऊन येतो. पोलिओची लस बर्फाच्या पेटीतून वस्तीवर येते. आणि आमच्या जमिनीचं बेणं मात्र युरियाच्या थप्पीवर!

आता नुकसान कुणाचं, ते बघा. भोकरदन, पिंपळगाव रेणुकाईकडचा मिरचीवाला लागवडीआधी डीएपीचा हिशेब मांडतो. 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद. आपली जमीन काळी, चुनखडीची. त्यातलं बरंचसं स्फुरद चुन्याला धरून बसतं, मुळाला लागत नाही. पुढच्या साली परत गोणी. म्हणजे पैसा रानात पुरलेला अन् आपण उधारीसाठी दुकानाच्या पायरीवर. हे अडकलेलं स्फुरद पीएसबीचे जिवाणू सोडवतात. ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो. मिरची, टमाटे, वांगी, कोबीला ही जोडी चालते. रायझोबियम मात्र वाटाणा, गवार, चवळीसारख्या शेंगवाल्यांचं.

मी रोपं लावताना 10 लिटर पाण्यात दोन्हींचं पाव-पाव किलो कालवतो, मुळं पंधरा-वीस मिनिटं बुडवतो आणि ऊन उतरल्यावर लावतो. बुरशीनाशक त्या बादलीत पडू देत नाही. पाकिटं रांजणाच्या बाजूला, सावलीत ठेवतो.

पण जिवाणू टाकून वर युरियाचा पूर्ण डोस द्यायचा, हा शहाणपणा नव्हं. ताटात आयतं वाढल्यावर कष्टाला कोण जाईल? नत्र-स्फुरद पाव हिश्श्यानं कमी करा, पालाश तसंच राहू द्या. आणि शेणखत पाहिजेच. शेणखताविना जिवाणू म्हणजे दावणीला बैल अन् पुढं चारा नाही.

कुणी म्हणेल, एवढी भानगड कशाला, 45 किलोची युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते की. मिळते, कारण बाकीची किंमत सरकार भरतं. त्यातला थोडा पैसा तालुक्याला एक थंड खोली बांधायला द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात जिवाणू तयार होतात, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जालन्याला लागून आहे. तिथून गावापर्यंत माल थंडाव्यात येऊ द्या. तपासणीचे नमुने कारखान्यातून नको, मे महिन्यात दुकानाच्या फळीवरून उचला. आणि युरियासोबतची सक्ती बंद करा.

तोवर शेतकऱ्यांनो, तुम्ही एक करा. पाकीट घेताना तारीख वाचा, माल कुठं ठेवला होता ते विचारा आणि पक्कं बिल मागा. बैल घेताना दात बघतो की आपण.