भाच्याची मशीन आणि माझा बुडवलेला तास

मागच्या महिन्यात अकोल्याला घरच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत बोलणं भाच्यावर आलं. पुण्याची नोकरी सोडून घरी येऊन बसला, जुनी मिलिंग मशीन घेतली आणि आता म्हणे तिला कॉम्प्युटर जोडतोय. एवढ्या पैशात चांगली मोटारसायकल आली असती, असं एका जावईबापूंचं मत पडलं. "मास्तर, तुम्ही सांगा बाप्पा त्याले दोन शब्द," असा ठरावही झाला. दोन शब्द सांगायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याच्या शेडमध्ये गेलो आणि चार दिवस राहिलो. ठराव करणारे बरेचजण हा ब्लॉग वाचतात, म्हणून माझं म्हणणं इथेच लिहितो.

आधी मशीन काय ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. टेबलावर मावेल एवढी ती असते. वर फिरणारा कटर, खाली सरकणारं टेबल. टेबल डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे सरकवायला आणि कटर वर-खाली करायला तीन हँडलं. हँडल फिरवलं की आतला स्क्रू फिरतो नि टेबल सरकतं. पुलीच्या आत चावीची खाच पाडायची असेल, तर ती खाच-मशीन वेगळी. पण शाफ्टावरची खाच, पट्टीतली भोकं, झाकणाचा आकार हे सगळं हिच्यावर होतं. अकोल्यात दालमिल आणि जिनिंग भरपूर, त्यामुळे असल्या कामाला गिऱ्हाईक आहे.

भाच्याने तिन्ही हँडलं काढून तिथे स्टेपर मोटर लावल्या. ही मोटर गरगर फिरत नाही, मोजून पावलं टाकते. एका फेऱ्याला 200 पावलं. प्रत्येक पावलाचे ड्रायव्हर आठ भाग करतो, म्हणजे 1600. स्क्रू एका फेऱ्यात टेबल 5 मिलिमीटर सरकवतो. भागाकार मी तिथेच खडूने केला, 0.003125 मिलिमीटर! मी थक्क झालो तर हा हसला. "मामाजी, हे कागदावरचं. लोखंड वाकते, टेबल हलते. पाच शतांशात काम बसलं तरी लय झालं." मला हे उत्तर फार आवडलं. हिशोब आणि वस्तू यांत फरक असतो, हे पस्तीस वर्षं शिकवूनही मी वर्गात कधी बोललो नव्हतो.

सुरुवातीला त्याने जुनेच स्क्रू ठेवले होते. कटरच्या जागी पेन बांधून कागदावर वर्तुळ काढलं. तो कागद त्याने जपून ठेवलाय. वर्तुळ गोल आहे, पण घड्याळात जिथे बारा, तीन, सहा आणि नऊ असतात तिथे चार ठिकाणी बारीक पायरी. कारण स्क्रू आणि नट यांच्यातला 'प्ले'. सायकलची चेन सैल असली की पायडल थोडं रिकामं फिरतं आणि मग चाक ओढतं, तसंच. वर्तुळात या चार जागी कुठलीतरी एक दिशा उलटते, नि तेवढ्यात टेबल थबकतं. हाताने चालवणारा कारागीर हे जाणून असतो, तो नेहमी एकाच बाजूने येऊन थांबतो. मोटरला ती अक्कल नाही. शेवटी बॉल स्क्रू बसवावे लागले आणि मोटारसायकलीतला बराचसा भाग तिथे गेला. तो कागद मी दहा मिनिटं हातात धरून बसलो होतो. असली चूक फळ्यावर दाखवता आली असती तर!

"रेडीमेड का घेत नाही?" हा जावईबापूंचा प्रश्न रास्त आहे. एक तर ती कितीतरी महाग. दुसरं, बिघडली की माणूस बाहेरून येईपर्यंत वाट पाहा. याने प्रत्येक तार स्वतः जोडली आहे, त्यामुळे रात्री बारालाही दुरुस्त करतो. मोटरांना पावलं मोजून देणारा 'जीआरबीएल' हा प्रोग्राम तर फुकट मिळतो. 2009 मध्ये नॉर्वेच्या एका माणसाने लिहून सर्वांसाठी खुला केला. आणि ज्या जॉन पार्सन्सपासून आकड्यांवर चालणाऱ्या मशीनची कल्पना निघाली, त्याच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. हेलिकॉप्टरची पाती बनवताना त्याला ते सुचलं, आणि 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तशी मिलिंग मशीन चालवून दाखवली.

पण भाच्याचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. एकच खाच पाडायची असेल तर प्रोग्राम लिहीपर्यंत हाताने काम उरकतं, हे तोच कबूल करतो. मग हँडलं मुळातून काढायची कशाला? यावर आमचं भांडण झालं. आता त्याने मागूनही दांडा निघालेल्या मोटर मागवल्यात, त्यावर हँडल बसेल. (मोटर जोडलेली असताना ते जोरात फिरवायचं नाही, उलटी वीज जाऊन ड्रायव्हर जळू शकतो.) दुसरं म्हणजे वीज. "लाइन गेली का सारंच गेलं." टेबल कुठे होतं हे मशीनला आठवत नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी असताना दोनदा झालं, एक जॉब वाया गेला. बॅटरीची सोय आधी कर, असं मी बजावलंय.

आता माझं. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा. पोर्शन मागे पडला की मी तो मागून घ्यायचो आणि व्याकरण शिकवायचो. कोणी तक्रार केली नाही, पालक तर खूशच. ज्या वर्ध्यात 1937 साली गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला, ते आमच्या अमरावतीहून काही तासांवर. त्यावर मी निबंधही लिहून घेतलेत! वडिलांच्या वेळेपासून घरात 'किर्लोस्कर' मासिक यायचं. ते 1920 मध्ये एका कारखान्याचं खबरपत्र म्हणून सुरू झालं होतं, पण आम्ही गोष्टी वाचल्या आणि कारखाना सोडून दिला. हा भाचा सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा रेडिओ उघडून बसायचा. मी त्याला उठवून शुद्धलेखन लिहायला लावलं आहे. तेव्हा त्याला दोन शब्द सांगायचा अधिकार मला कितपत आहे, हे पंगतीतल्यांनी ठरवावं.

माझ्या मते त्याला अजून एक वर्ष द्यावं. नोकरीच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर पाठवणं तेवढं थांबवा. मी त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलंय, काय जोडलं, काय बिघडलं, ते वहीत मराठीत लिहायचं. पहिली अकरा पानं तपासून परत दिली आहेत. शुद्धलेखन अजून तसंच आहे, असो.

ज्यांना मशीन पाहायची असेल त्यांनी दुपारी दोननंतर जावं, आधी फोन करून. डोळ्यावर चष्मा हवा. ओढणी, उपरणं, मफलर बाहेर खुंटीला. आणि लाल बटण कुठे आहे ते आत शिरल्या शिरल्या विचारून घ्यावं.