खोली मोजली, मैदानही मोजा

परळचा भोईवाडा आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असतो तो आजारपणामुळे. गावाकडून कुणाला केईएममध्ये आणले, कुणाचे टाटा रुग्णालयात उपचार चालले, की हा भाग पायाखालचा होतो. पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर, मग दोन घटका टेकायला सावली शोधावी लागते. झाडाखालच्या बाकाची किंमत काय, हे अशा वेळी कळते. इथे राहणाऱ्या कुटुंबांना मात्र ती रोजच मोजावी लागते.

शेजारच्या नायगावच्या बीडीडी चाळी पाहा. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने त्या बांधल्या. नायगावात अशा ४२ चाळी होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. चूल तिथेच, अंथरूण तिथेच, अभ्यासही तिथेच. पण या खोल्यांमध्ये पिढ्या वाढल्या, कारण घर दाराशी संपत नव्हते. पुढे व्हरांडा होता, खाली चाळीचे आवार होते, पलीकडे मैदान होते. मुले तिथे खेळली, म्हातारी माणसे तिथे बसली, लग्नाचा मांडव तिथेच पडला. मोकळी जागा म्हणजे या घरांची दुसरी खोली होती.

आता पुनर्विकास आला आहे. बीडीडीतल्या १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर मिळते. या परिसरातल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींनाही उंच टॉवर्सचे वेध लागले आहेत. स्वतःचे स्वयंपाकघर, घरातच संडास-बाथरूम, मुलीला अभ्यासाला वेगळा कोपरा. हे सुख मोठे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की पहिली खोली मोठी होताना दुसरी खोली कुठे गेली? बिल्डरच्या बैठकीत कार्पेट एरिया, भाडे, कॉर्पस यांवर रात्र रात्र चर्चा होते. मैदानाबद्दल विचारणारा मात्र क्वचितच भेटतो.

न विचारल्याने काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीची विक्री किंवा विकास करायचा, तर साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला उद्याने आणि मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याचीच झाली. गिरणी म्हणजे बहुतेक सगळे बांधकामच, त्यामुळे लोकांच्या वाट्याला तुकडे उरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. परळ-लालबागला मोठ्या बागा मिळण्याची ती संधी नियमातल्या काही शब्दांत निसटली.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होताना शहरात दरडोई मोकळी जागा सुमारे सव्वा चौरस मीटर भरली होती. म्हणजे एक जानमाज अंथरावी आणि दुसरी अर्धीच उरावी, एवढी. केंद्र सरकारची नगरनियोजनाची मार्गदर्शिका १० ते १२ चौरस मीटर सांगते.

मैदानाने काय घडते, याचे उत्तर फार लांब नाही. नागपाड्याच्या दाट वस्तीत १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू झाले. मोहल्ल्यातल्या मुलांच्या शिक्षणाची आणि खेळाची सोय करणारे हे केंद्र. त्या परिसरात बास्केटबॉल असा रुजला की तिथून भारतीय संघापर्यंत खेळाडू गेले. भारताचे कर्णधार झालेले, १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. तिथली घरे काही मोठी नव्हती. एक कोर्ट होते आणि ते मुलांसाठी उघडे होते.

म्हणून भोईवाड्यातल्या आणि पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सगळ्याच कुटुंबांना आमचा मशवरा आहे. करारावर सही करण्याआधी नकाशा टेबलावर मागा आणि त्यात मैदान शोधा. ते जमिनीवर आहे की पार्किंगच्या छतावर? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सांगितले होते की नियमानुसार आवश्यक असलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिची जागा घेऊ शकत नाही. जागा सलग आहे, की इमारतीभोवतीच्या पट्ट्या जोडून हिशेब भरला आहे? जुन्या रहिवाशांच्या इमारतीतून तिथे जाता येते, की मध्ये कुंपण आहे? देखभालीचा खर्च कुणाच्या माथी? आपल्या जागेवर आराखड्यात बागेचे किंवा मैदानाचे आरक्षण आहे का, हे सी. एस. क्रमांक देऊन महापालिकेकडून कुणालाही कळू शकते. आरक्षण बदलायचे झाले तर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती नोटीस वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत असावा.

या बैठकांना घरातून सहसा पुरुषच जातात. बायकांनीही जावे. दुपारी लहान मुलाला घेऊन कुठे बसायचे, गुडघे दुखणाऱ्या नानीला किती पायऱ्या चढाव्या लागतील, बागेजवळ बायकांचे स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळी दिवे लागतात का, हे त्याच विचारतील.

आणि एक गोष्ट महापालिकेच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ती मैदानावरून हळूहळू दिसेनाशी होते. स्पष्ट मनाई कुणी करत नाही. आधी घरातली कामे वाढतात, मग क्लास येतो, मग ‘आता मोठी झालीस’ एवढे वाक्य पुरते. भाऊ मात्र मगरिबच्या अजानपर्यंत खेळत असतो. असरनंतरचा तास तिलाही मिळाला पाहिजे. चार आया मिळून मुलींना घेऊन गेल्या आणि बाकावर गप्पा मारत बसल्या, तरी सोबतीचा प्रश्न सुटतो. रोज बायका-मुली येतात म्हटल्यावर त्या कोपऱ्यातली टवाळकी आपोआप कमी होते.

मोकळी जागा ही पुढच्या पिढीची अमानत आहे. घराची चावी हातात पडेल तेव्हा खोल्या तर आपण मोजूच. पण आपली मुले आणि मुली खेळायला कुठे जाणार, हे त्याच्या आधीच, सही करायच्या दिवशी, ठरलेले असते.