कंपनी बुडाली, तरी प्रवासी परत आले! आलिशान क्रूझ कंपन्या गिऱ्हाईक कसं जोडतात आणि कसं टिकवतात?

जानेवारी २०२२. 'क्रिस्टल सिम्फनी' हे आलिशान जहाज कॅरिबियन समुद्रातली सफर संपवून अमेरिकेतल्या मायामी बंदराकडे निघालं होतं. पण मायामीत पोहोचताच जहाज जप्त करा, असा आदेश अमेरिकेतल्या कोर्टाने काढला होता. कारण होतं इंधनाचं थकलेलं बिल. जहाजाने मायामीचा नाद सोडला आणि बहामाजमधल्या बिमिनी बेटाची वाट धरली. तिथून प्रवाशांना फेरीबोटीत बसवून फ्लोरिडाला धाडण्यात आलं.

त्याच महिन्यात क्रिस्टलची मालक असलेली 'गेंटिंग हाँगकाँग' ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. सफरी थांबल्या. पुढच्या सफरींसाठी अनेक प्रवाशांनी भरलेले पैसे अडकले.

एखादं दुकान असं बंद पडलं की गिऱ्हाईक पुन्हा त्याची पायरी चढत नाही. इथे उलटं झालं. नव्या मालकाने जुलै २०२३ पासून क्रिस्टलची जहाजं पुन्हा समुद्रात उतरवली, तेव्हा जुने प्रवासी मोठ्या संख्येने परत आले.

हे कसं घडलं? याचं उत्तर आलिशान क्रूझच्या धंद्याच्या गणितात आहे. ते गणित नीट समजून घेऊया.

आधी बघूया, 'आलिशान' म्हणजे नेमकं काय?

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते वीसमजली जहाज, वॉटर पार्क आणि जेवणाच्या रांगा. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' २०२४ मध्ये सुरू झालं. एका केबिनमध्ये दोघं धरली, तरी त्यावर ५,६०० च्या वर प्रवासी मावतात.

आलिशान क्रूझ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. 'रीजंट सेव्हन सीज एक्सप्लोरर'वर साधारण ७५० प्रवासी असतात. रिट्झ-कार्लटनच्या 'एव्रिमा'वर तर फक्त २९८. मोठ्या जहाजावर साधारण अडीच प्रवाशांमागे एक कर्मचारी असतो, इथे दीड प्रवाशांमागे एक किंवा त्याहून जास्त.

दुसरा फरक पैशांचा. मोठ्या जहाजांवर तिकीट स्वस्त दिसतं, पण दारू, वायफाय, टिप, किनाऱ्यावरच्या सहली असं प्रत्येकाचं मीटर वेगळं पळतं. आलिशान जहाजांवर यातलं बरंचसं तिकिटातच धरलेलं असतं. रीजंट तर किनाऱ्यावरच्या सहलीही त्यातच देते.

तिसरी गोष्ट मालकीची. यातल्या बऱ्याच कंपन्या बड्या समूहांच्या पोटात आहेत. सिल्व्हरसी रॉयल कॅरिबियनकडे, सीबोर्न कार्निव्हलकडे, रीजंट नॉर्वेजियनकडे आणि एक्सप्लोरा जर्नीज एमएससीकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जुने प्रवासी इतके निष्ठावान, मग नवे कशाला हवेत?

कारण जुने प्रवासी म्हातारे होत आहेत. महिनाभर समुद्रावर राहायला पैसा लागतो आणि वेळही लागतो. दोन्ही एकत्र असतात ते बहुतेक वेळा निवृत्तीनंतर. त्यामुळे या जहाजांवर साठी ओलांडलेल्यांचीच गर्दी दिसते. दरवर्षी यातले काही जण तब्येतीमुळे प्रवास थांबवतात. ती जागा भरली नाही, तर कंपनी हळूहळू आटत जाते.

त्यातच जहाजं वाढत आहेत. क्रूझ कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'क्लिया'च्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात २ कोटी ९७ लाख लोकांनी क्रूझ केली. कोरोनाने धंदा जवळपास बंद पाडला, पण २०२४ मध्ये हा आकडा ३ कोटी ४६ लाखांवर गेला. आलिशान गटातही नवे भिडू उतरले आहेत. रिट्झ-कार्लटन २०२२ मध्ये आली, एक्सप्लोरा २०२३ मध्ये. फोर सीझन्स आणि ओरिएंट एक्स्प्रेसने २०२६ चा मुहूर्त धरला, तर अमानने २०२७ चा.

आता ही सगळी जहाजं भरायची कोणी?

पहिली युक्ती : 'क्रूझ' हा शब्दच गाळा

या नव्या नावांकडे नीट बघा. 'रिट्झ-कार्लटन यॉट कलेक्शन', 'फोर सीझन्स यॉट्स', 'एक्सप्लोरा जर्नीज'. क्रूझ हा शब्दच नाही. 'क्रिस्टल क्रूझेस' हे नावही पुनरागमनानंतर नुसतं 'क्रिस्टल' झालं.

हे उगाच नाही. कधीच क्रूझ न केलेल्या श्रीमंत माणसाच्या मनात काही ठरलेल्या शंका असतात. गर्दी असेल, कंटाळा येईल, बोट लागेल, सगळे म्हातारे असतील. क्रूझ हा शब्द ऐकला की या शंका जाग्या होतात. 'यॉट' म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं.

शिवाय हॉटेल कंपनीकडे तयार गिऱ्हाईक असतं. ज्याने वीस वर्षं रिट्झ-कार्लटनमध्ये मुक्काम केला, त्याला जहाजावर नेताना नव्याने विश्वास कमवावा लागत नाही. उशी, साबण, सेवा हे सगळं ओळखीचं. रिट्झ-कार्लटनची मूळ कंपनी मॅरियट. तिच्या 'बॉनव्हॉय' योजनेत हॉटेलात साठवलेले पॉइंट या जहाजांवर वापरता येतात. म्हणजे प्रवासी नवा, पण ओळख जुनी.

दुसरी युक्ती : शेजारच्या खोलीतून गिऱ्हाईक आणा

यातलं सर्वांत मोठं उदाहरण 'वायकिंग'. टॉरस्टीन हेगन यांनी १९९७ मध्ये ही कंपनी नदीवरच्या बोटींपासून सुरू केली. ऱ्हाइन, डॅन्यूबवर फिरलेले हजारो प्रवासी हाताशी आल्यावर २०१५ मध्ये कंपनी समुद्रात उतरली. पहिल्याच जहाजासाठी तिच्याकडे ओळखीच्या प्रवाशांची यादी तयार होती.

वायकिंगने आपलं गिऱ्हाईक अगदी नेमकं ठरवलं आहे. इंग्रजी बोलणारे, ५५ च्या पुढचे, इतिहास आणि संस्कृतीत रस असलेले. म्हणून जहाजावर कॅसिनो नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. जाहिरातही तशीच. अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीवर 'डाउन्टन ॲबी' ज्या 'मास्टरपीस' कार्यक्रमात दाखवली जायची, त्याची प्रायोजक वायकिंग होती. ती मालिका आवडीने बघणारा प्रेक्षक हाच वायकिंगचा संभाव्य प्रवासी.

त्यांची समुद्री जहाजंही जवळपास एकसारखी आहेत. दुसऱ्यांदा आलेल्या प्रवाशाला ग्रंथालय कुठे, जेवणघर कुठे हे विचारावं लागत नाही. कंपनीचे निम्म्याच्या आसपास प्रवासी पुन्हा येणारे असतात. मे २०२४ मध्ये वायकिंग न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या खात्यावरची ही मोठी जमेची बाजू होती.

बडे समूहही हेच करतात. रॉयल कॅरिबियन समूहाने २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या तिन्ही कंपन्यांमध्ये प्रवाशाचा दर्जा ग्राह्य धरायला सुरुवात केली. तरुणपणी मुलाबाळांसह मोठ्या जहाजावर जा, मुलं मोठी झाली की सेलिब्रिटीवर, निवृत्त झालात की सिल्व्हरसीवर. माणसाचं वय आणि खिसा वाढत गेला, तरी तो समूहाच्या बाहेर जात नाही.

या सगळ्यात ट्रॅव्हल एजंटही महत्त्वाचा असतो. लाखो रुपयांची पहिली सफर लोक नुसत्या वेबसाइटवर बघून ठरवत नाहीत. ओळखीचा एजंट कोणतं जहाज तुमच्या स्वभावाला मानवेल हे सांगतो, म्हणून या कंपन्या त्याचं कमिशन आनंदाने मोजतात.

तिसरी युक्ती : भाव पाडू नका

केबिन रिकामी राहिली तर शेवटच्या क्षणी स्वस्तात विकून टाकावी, असं कुणालाही वाटेल. आलिशान कंपन्या शक्यतो ते टाळतात. दोन वर्षं आधी पूर्ण पैसे मोजलेल्या जुन्या प्रवाशाला शेजारचा अर्ध्या भावात आलाय हे कळलं, तर तो पुढच्या वेळी आधी बुकिंग करणारच नाही.

म्हणून तिकिटाचा भाव तसाच ठेवून वरून काहीतरी दिलं जातं. विमानाचं तिकीट, जहाजावर खर्च करायला काही रक्कम किंवा वरच्या दर्जाची केबिन. 'लवकर बुक कराल तर फायद्यात राहाल' हा भरवसा टिकवणं हा यामागचा हेतू असतो.

हा भरवसा किती पक्का असू शकतो? रीजंटने जुलै २०२१ मध्ये २०२४ सालच्या जगप्रदक्षिणेचं बुकिंग उघडलं. १३२ रात्रींची सफर, सर्वांत स्वस्त तिकीट माणशी ७३ हजार डॉलरच्या पुढे. कोरोनाचं सावट असतानाही सगळं जहाज तीन तासांच्या आत विकलं गेलं.

चौथी युक्ती : पुढचं तिकीट जहाजावरच विका

जवळपास प्रत्येक आलिशान जहाजावर एक छोटं टेबल असतं. तिथला माणूस पुढची सफर विकतो. सहावा-सातवा दिवस, समोर निळा समुद्र, हातात आवडतं पेय. घरी परतून बिलं बघायच्या आधीची ही वेळ. थोडं डिपॉझिट भरा, सवलत मिळेल, तारीख नंतर ठरवा.

मग येतात निष्ठेचे क्लब. सिल्व्हरसीची 'व्हेनेशियन सोसायटी', रीजंटची 'सेव्हन सीज सोसायटी', क्रिस्टलची 'क्रिस्टल सोसायटी'. समुद्रावर घालवलेले दिवस किंवा केलेल्या सफरी मोजल्या जातात. ठरावीक टप्पे गाठले की सवलती आणि भेटी मिळतात, काही ठिकाणी तर पूर्ण सफर फुकट. इतके दिवस जमवल्यावर दुसऱ्या कंपनीकडे शून्यापासून सुरुवात कोण करणार?

पण खरी जादू कोणाच्या हातात?

पॉइंट आणि सवलती कुठलीही कंपनी देऊ शकते. पण जहाजावर पाय ठेवताच कुणीतरी नावाने हाक मारतं, गेल्या वर्षी कॉफीत साखर नको होती हे आठवून सांगतं, तेव्हा प्रवाशाला घरी आल्यासारखं वाटतं. अशी सेवा देणारे वेटर, केबिन सांभाळणारे, बारमधले, स्वयंपाकघरातले कर्मचारी मोठ्या प्रमाणात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातून येतात.

भारतातून म्हणजे अनेकदा गोवा आणि मुंबईतून. गोव्यात ज्यांना 'तारवटी' म्हणतात, त्या दर्यावर्दींच्या पगारावर कित्येक गावांतली घरं उभी राहिली आहेत. यांचे करार कित्येक महिन्यांचे असतात. त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते. करार संपला की पुढचा मिळेपर्यंत घरी बसायचं. ज्यांच्या आठवणीवर प्रवाशांची निष्ठा उभी आहे, त्यांची स्वतःची नोकरी मात्र करारापुरतीच पक्की असते.

मग क्रिस्टलमध्ये नेमकं काय झालं?

२०२२ मध्ये क्रिस्टलची दोन मोठी जहाजं विकत घेतली 'ए अँड के ट्रॅव्हल ग्रुप'ने. त्याचे अध्यक्ष मानफ्रेदी लेफेब्र. त्यांच्याच कुटुंबाने १९९४ मध्ये सिल्व्हरसी सुरू केली होती आणि २०१८ मध्ये तिचे दोन तृतीयांश शेअर्स सुमारे १ अब्ज डॉलरला रॉयल कॅरिबियनला विकले होते. म्हणजे हा धंदा त्यांना आतून-बाहेरून माहीत होता.

त्यांनी जहाजं इटलीत नेऊन नव्याने सजवली. केबिन कमी केल्या आणि मोठ्या केल्या. 'क्रिस्टल सेरेनिटी'ची क्षमता १,०७० वरून ७४० वर आणली. पण त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी केल्या. जुन्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना परत बोलावलं आणि 'क्रिस्टल सोसायटी'तल्या सभासदांचा जुना दर्जा कायम ठेवला.

प्रवाशांचा राग बुडालेल्या मालकावर होता, जहाजावरच्या माणसांवर नव्हता. तीच माणसं परत दिसली आणि प्रवासीही परतले.

आपल्यासाठी यात काय आहे?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचं लक्ष्य आहे. परदेशी आलिशान जहाजं मुंबई, मुरगाव, कोचीला थांबे घेतात. इथून सुटणाऱ्या सफरी मात्र अजून मध्यमवर्गाच्या वीकेंडपुरत्या आहेत. त्यातही 'जलेश' ही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये बंद पडली आणि तिचं 'कर्णिका' जहाज भंगारात गेलं.

टर्मिनल बांधता येतं, पण पुन्हा येणारा प्रवासी घडवायला वर्षं लागतात. अनुभवी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, पण ती परदेशी जहाजांवर राबतात. भारतीय कंपन्यांना टिकायचं असेल, तर या माणसांना घराजवळ चांगला पगार आणि पक्की नोकरी देता येते का, हा प्रश्न टर्मिनलइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि प्रवाशांसाठी एक साधी गोष्ट. जहाजावरची माणसं कितीही प्रेमळ असोत, डिपॉझिट जातं ते कंपनीच्या खात्यात. दोन वर्षं आधी पैसे भरताना ते कधीपर्यंत परत मिळतात, कंपनी बंद पडली तर कार्ड किंवा विम्यातून भरपाई मिळते का, हे आधी लेखी विचारून घ्या. क्रिस्टलचे प्रवासी परत आले, पण मधल्या दीड वर्षात अनेकांना आपल्याच पैशांची वाट बघावी लागली होती.