बॉनेट उघडायला लाजता कशाला?



आज पिकाचं काही नाही. पपईच्या व्हायरसवर परवा लिहितो. आज गाडीवर लिहितोय, कारण मागच्या आठवड्यात तळोद्याकडे एका लग्नात डोकं तापलं.

आमचे एक पाहुणे आहेत. शिकलेले, मोठे बागायतदार. जेवताना माझ्या नखांतलं काळं त्यांना दिसलं आणि चार माणसांत म्हणाले, "जिभाऊ, अजून गाडीखाली झोपता का? मिस्त्रीला दोन पैसे द्या की. हे काय आपलं काम आहे?" पंगत हसली. मीही हसलो. लग्नघरी कोण वाद घालणार? पण तेव्हा गिळलेलं आज इथं बोलतो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. आयटीआय केलेलं नाही. दारात दोन गाड्या आहेत. एक वडिलांच्या वेळची डिझेल जीप आणि एक बीएस-६ पिकअप. रविवारी सकाळी मोटर चालू करून आलो की दोन तास मी त्यांच्यात असतो. घरात याला नाद म्हणतात. म्हणू द्या. मला त्यात मजा येते, खोटं कशाला बोलू? पण हा नाद रिकामटेकड्याचा आहे, शिकलेल्या शेतकऱ्याला शोभत नाही, असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही.

तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. धडगावकडून चांदसैली घाटाने खाली येत होतो. गाडीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका कुटुंबाचं चार वर्षांचं पोर होतं. ताप डोक्यात गेलेला, दोन वेळा झटके आलेले. नंदुरबारला सिव्हिलला न्यायचं होतं. रात्रीचे साडेनऊ, पाऊस चालू, फोनला रेंज नाही. घाटात जीपने आधी ओढ सोडली, मग दोन-तीन हिसके दिले आणि बंद. मागून पोराचा बाप एवढंच म्हणाला, "बंद पडी गई का?"

स्टार्टर मारला तर जोरात फिरत होता. म्हणजे बॅटरी चांगली. ओढ जाऊन, हिसके देऊन बंद पडली म्हणजे इंजिनपर्यंत डिझेल पोहोचत नव्हतं. बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आधी पाणीच आलं. डिझेल येईपर्यंत ते सोडून दिलं. मग वरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग साफ डिझेलची धार. स्क्रू आवळला, चावी फिरवली. चौथ्या स्टार्टरला इंजिन लागलं. हातात एक पाना आणि पोराच्या बापाने धरलेली बॅटरी, एवढ्यावर वीस मिनिटांत काम झालं. पोरगं आता शाळेत जातं.

यात माझी हुशारी काहीच नव्हती. तेच काम मी अंगणात, उजेडात, चहा पीत दहा वेळा केलेलं होतं. म्हणून अंधारात हात आपोआप चालले. रविवारचा नाद म्हणजे त्या रात्रीची तालीम होती. पाहुण्यांना मला हेच सांगायचं होतं.

आता त्यांचे आणि त्यांच्यासारख्यांचे मुद्दे एकेक घेतो.

पहिला: "हे आपलं काम नाही."

मग आपलं काम कोणतं? कृषी सहायक आपल्याला सांगतात, आठवड्याला प्लॉटमध्ये फिरा, मिरचीचं पान उलटून बघा. पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, हे आपल्या बांधावरच्या पोरालाही कळतं. मग धूर बघून गाडी का कळू नये? काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातं, आधी एअर फिल्टर काढून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, तर पाणी इंजिनात शिरतंय, गाडी पुढे दामटू नका. ही पाहणीच झाली. लाखोंच्या पिकाची पाहणी करणारा माणूस दारातल्या लाखोंच्या गाडीची डिपस्टिक सहा-सहा महिने काढत नाही, याला मी शिक्षण म्हणत नाही.

आपला दुटप्पीपणाही बघा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून, किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, जानेवारीत त्यांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. तेव्हा आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, 'मराठी माणसाचं डोकं' म्हणून छाती फुगवली. आणि घरात पोराने पाना हातात घेतला की म्हणतो, "सोड ते, अभ्यास कर, हात काळे होतील."

दुसरा: "वेळ वाया जातो."

हिशोब करू. फ्यूज उडाला, हेडलाइट गेला. फ्यूज काही रुपयांचा. त्यासाठी गावातून शहाद्याला जायचं, मिस्त्री जेवायला गेला असेल तर थांबायचं, परत यायचं. अर्धा दिवस आणि डिझेल. पपईची तोड चालू असताना, व्यापाऱ्याची गाडी शेतात उभी असताना हा अर्धा दिवस केवढ्याला पडतो? गाडीतल्या फ्यूज बॉक्सच्या झाकणाखाली बऱ्याचदा जादा फ्यूज आणि ते काढायचा चिमटा ठेवलेला असतो. किती जणांनी ते झाकण उघडून बघितलंय?

तिसरा: "मिस्त्रीच्या पोटावर पाय देता."

हे ऐकून माझे मिस्त्रीच हसतात. मला शिकवलं त्यांनीच. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्यांना परवडतं, कारण मी "गाडी बिघडली" एवढंच सांगत नाही. "गरम असताना तिसऱ्या गिअरला चढावर ओढत नाही, धूर काळा" असं सांगतो. त्यांचा तासभर वाचतो. क्लच, गिअरबॉक्स, पंपाचं काम त्यांच्याकडेच जातं आणि मजुरीला मी घासाघीस करत नाही, कारण त्या कामाला किती कष्ट आहेत ते मला कळतं.

मिस्त्रीच्या पोटावर पाय कुणी दिला ते सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांचे अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची अवजारं बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नव्हती, हे त्याचं मुख्य कारण. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारंही घेतली. अमेरिकेत तर शेतकरी ट्रॅक्टरसाठीच भांडले. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनीने तिथल्या फार्म ब्युरोशी करार करून दुरुस्तीची माहिती आणि अवजारं शेतकऱ्याला, बाहेरच्या मेकॅनिकला देण्याचं कबूल केलं. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी तसा कायदा केला. हजारो एकरवाले तिथले शेतकरी आपलं मशीन आपण उघडायचा हक्क मागतात, आणि आपल्याकडे पंगतीत नखं बघून हसतात.

चौथा: "नव्या गाड्यांत आपल्याला काय कळणार? सगळं कॉम्प्युटर."

हा मुद्दा थोडा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर बसला, डीपीएफ. ही काजळी जाळायला नळी चांगली गरम व्हावी लागते. आपली गाडी घर ते शेत, शेत ते गाव, दोन-दोन किलोमीटर रेंगाळत फिरते. नळी तापतच नाही, काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या पिकअपला लागला तेव्हा बरोबरचं इंग्रजी पुस्तक पोरीकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलेलं, थांबू नका, एकसारख्या वेगात चालवत राहा. शहादा ते प्रकाशा गेलो आणि आलो, दिवा गेला. ओळखीच्या एकाने तोच दिवा दोन महिने तसाच ठेवला. शेवटी गाडी वेग घेईना, आणि बिल एवढं आलं की त्याने बायकोला खरा आकडा सांगितला नाही.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचं छोटं यंत्र हजार रुपयांच्या आसपास मिळतं, मोबाईलला जोडतं आणि बिघाडाचा कोड दाखवतं. कोड म्हणजे निदान नव्हे, मातीच्या अहवालासारखं समजा. आकडा कागदावर येतो, अर्थ आपल्याला लावावा लागतो. पण आकडाच नसेल तर समोरचा सांगेल ते खरं.

आणखी एक, हे खास आपल्यासाठी. काही नव्या पिकअप-ट्रकना वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण लागतं, डीईएफ. ते शुद्ध युरियाचं ३२.५ टक्के द्रावण असतं, क्षार काढलेल्या पाण्यातलं. गोणीतला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून ओतायची अक्कल कुणी चालवू नका. आपल्या युरियाला २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाचा लेप आहे. तो लेप आणि पाण्यातला क्षार मिळून सगळी यंत्रणा चोंदवतात. वर अनुदानाचं खत गाडीत घालणं हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

आता माझी फजिती. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं. मी बघितलं नाही, त्यावरच नवा बसवला. तीन किलोमीटरवर सगळं ऑइल रस्त्यावर. लाल दिवा दिसताच जागच्या जागी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून जुना फिल्टर हातात घेऊन रबर त्याच्यासोबत आलं का ते बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणून हद्द ओळखा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, खाली घोडी लावायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. नव्या डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरच्या पाइपांना हात लावायचा नाही. टायरात दोन-अडीच बार दाब असतो, त्या पाइपांत १,५०० च्या पुढे जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. मी घाटात केलं ते जुन्या जीपला चालतं, नवीन गाडीला तिचं पुस्तक सांगेल तसंच. ब्रेक आणि एअरबॅग जाणकाराकडेच. आणि काढलेलं काळं ऑइल बांधावर, नाल्यात ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या.

मागणी एकच. आयटीआयमध्ये डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिकचे ट्रेड शिकवतात, पण रविवारी कार्यशाळेला कुलूप असतं. महिन्यातला एक रविवार शेतकऱ्यांना उघडून द्या. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राने माती परीक्षणासारखा याचाही एक दिवसाचा वर्ग घ्यावा, बायांना आणि पोरींना आधी बोलवावं. रात्री गाडी बंद पडते तेव्हा घरात पुरुषच असेल असं नाही. आणि कंपन्यांनी दुरुस्तीचं पुस्तक मराठीत द्यावं. गाडी विकायची जाहिरात मराठीत जमते, मग हे का नाही?

तोवर या रविवारी एवढंच करा. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. एअर फिल्टर काढून उन्हात धरा, आरपार उजेड दिसतो का बघा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, आधी निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा. ठिबकच्या नळ्यांत जो क्षार धरतो तोच तिथेही धरतो. स्टेपनीची हवा बघा. आणि एका वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं ते लिहा.

पाहुण्यांनो, वाचत असाल तर राग मानू नका. तुमच्या गाडीचा इंजिनचा दिवा पेटलेला होता, तुम्ही लग्नातून निघालात तेव्हा मी बघितलं. रविवारी गाडी घेऊन या. चहा घेऊ आणि बघू काय म्हणते ती. हात काळे होतील, पण घरात साबण आहे.