सूक्ष्मकणांचे जाळे आणि मापनाची कसोटी

सोने हे विजेचे उत्तम संवाहक आणि मेण हे निरोधक, असे शालेय पुस्तकांत शिकविले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु सोन्याचे अवघ्या ५ अब्जांश मीटर व्यासाचे कण घेऊन ते मेणातल्यासारख्या कार्बन-साखळीच्या रेणूंनी एकमेकांस जोडले, तर होणारे जाळे संवाहक म्हणावे की निरोधक? नुसत्या सोन्याकडे पाहून याचे उत्तर देता येत नाही. येथे सत्ता धातूची नसून सांध्याची असते.

अशी रचना करण्याचे महत्त्वाचे कार्य बेंगळूरु येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात झाले आहे. सी. एन. आर. राव, जी. यू. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दोन्ही टोकांस गंधक असलेले रेणू वापरले होते. गंधक धातूस घट्ट धरतो. म्हणून धातुकण, त्यावर रेणू, त्यावर पुन्हा कण, असे थरावर थर रचता येतात.

या जाळ्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनपुढे दोन अडथळे असतात. पहिला रेणूच्या भिंतीचा. पुंजयामिकीच्या नियमांनुसार ही भिंत ओलांडता येते खरी. पण साध्या साखळीत कार्बनचा एक अणू वाढला, की प्रवाह सुमारे एकतृतीयांशावर येतो. दुसरा अडथळा कणाच्या लहानपणाचा. कणावर एक इलेक्ट्रॉन येऊन बसला, की त्याचा भार दुसऱ्यास दूर लोटतो. म्हणून कमी तपमानात व अल्प विद्युत् दाबाखाली प्रवाह जवळजवळ थांबतो.

शिवाय प्रत्यक्षात सर्व सांधे सारखे नसतात. ओढा ओलांडणारा मनुष्य जसा सोयीचे दगड शोधतो, तसा प्रवाह मोजक्या सोप्या वाटांनी जातो. मापनातील धोका येथेच आहे. रोध मोजताना दोन टोकांतून प्रवाह सोडतात व अन्य दोन टोकांमधील दाब पाहतात. प्रवाहाने वाट बदलून ही टोके टाळली, तर दाब शून्य दिसतो; रोध मात्र शून्य झालेला नसतो.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जुलै २०१८ मध्ये बेंगळूरुच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील देव कुमार थापा व अंशु पांडे यांनी, सोन्यात बसविलेल्या चांदीच्या सूक्ष्मकणांचा रोध २३६ केल्व्हिनला, म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसला, नाहीसा होतो, असे प्रतिपादन केले. पुढच्याच महिन्यात एका परदेशी अभ्यासकाने दाखविले की, चुंबकीय मापनाच्या दोन भिन्न आलेखांतील बारीक चढउतार एकसारखे आहेत. २०१९ मध्ये अधिक मापनांसह सुधारित निबंध आला; तथापि हे प्रतिपादन सर्वमान्य झाले नाही. कोणाच्या हेतूचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. बोध एवढाच की, अशा पदार्थांच्या बाबतीत एका प्रयोगशाळेचा आकडा हा विचारलेला प्रश्न असतो, मिळालेले उत्तर नव्हे.

पडताळणीत वेळ व पैसा दवडणे आपल्या देशास परवडणारे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु न पडताळलेल्या आकड्यावर पुढील संशोधन उभारणे हाच अधिक मोठा अपव्यय होय. म्हणून नवा दावा करणाऱ्याने आपला नमुना व मूळ नोंदी इतरांच्या हाती द्याव्यात, टोके बदलून पुन्हा मापन करावे. आणि पडताळणी करणाऱ्यासही शोधकर्त्याइतकाच मान व द्रव्यसाहाय्य मिळावे.

ही शिस्त शाळेतही लावता येईल. कागदावर पेन्सिलीची जाड रेघ ओढून विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी निरनिराळ्या ठिकाणी तिचा रोध मोजावा. आकडे जुळले नाहीत, तर शिक्षकांनी एकास बरोबर व दुसऱ्यास चूक ठरवू नये. फरक का पडला, हे दोन्ही गटांना शोधावयास लावावे.