चूक खालाची नाही, चौकटींची आहे

शीळफाट्यावर 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी दिसली की पुढे रांग असतेच. गेल्या महिन्यात माझी खाला त्या रांगेत होती. तिचा अर्ज परत आला होता. शेरा एकच: 'नाव जुळत नाही.' दुकानदार म्हणाला, "आपल्या लोकांना फॉर्म भरता येत नाहीत." मी दहा वर्षं फॉर्म बनवून पोट भरतो. माझं उत्तर असं, की आम्हाला फॉर्म बनवता येत नाहीत.

तो फॉर्म मी उघडून पाहिला. डावीकडे नाव, उजवीकडे आडनाव, खाली पतीचं नाव. प्रत्येक लेबल दोन चौकटींच्या बरोबर मधोमध. ते वरच्या चौकटीचं की खालच्या, कळायला मार्ग नाही. खालाच्या आधारवर तिचं नाव आणि पुढे खालूंचं नाव आहे, आडनाव नाही. आमच्या अनेक घरांत ते नसतंच. पण आडनावावर लाल चांदणी, म्हणजे सक्ती. आधार पाहून भरताना दुसरा शब्द दुसऱ्या चौकटीत गेला, खाली पुन्हा तोच. खालूंचं नाव दोनदा छापलं गेलं.

आधारवर पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. पॅनच्या अर्जात मात्र आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव. बाई एकच, क्रम किती!

"लोकांना प्रशिक्षण द्या," असं आमचे सहकारी म्हणतात. का म्हणून? लेबल थेट चौकटीच्या वर असेल तर नजर एकाच हालचालीत दोन्ही टिपते, हे मातेओ पेन्झो यांनी २००६ मध्येच डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलं. आम्ही ते वाचतो आणि स्क्रीन भरलेली दिसावी म्हणून पुन्हा दोन कॉलम करतो. मीही केले आहेत.

शिष्यवृत्ती, रेशन, मतदार नोंदणी, सगळं आता अशा चौकटींतून जातं. म्हणून ही सजावटीची नाही, हक्काची बाब आहे.

मागण्या साध्या आहेत. एकच कॉलम, सगळ्या चौकटींची डावी कड एका रेषेत. लेबल आपल्या चौकटीला चिकटून. पूर्ण नावाला एकच चौकट, आडनावाची सक्ती नको. 'रद्द करा' हे बटण 'जमा करा'पासून लांब. आणि फॉर्म सुरू करण्याआधी तो एखाद्या खालाच्या हातात, तिच्याच मोबाइलवर द्या. ती जिथे अडखळेल, तिथे दुरुस्ती तिची नाही, आपली करायची.