'ब्रेक फेल' म्हणे!

कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना जुना ट्रक ठोकला की बातमी ठरलेली: ब्रेक फेल. ड्रायव्हर आत, विषय संपला. मला हे पटत नाही. पाटा तुटला, क्लच प्लेट जळली की गाडी जागेवर उभी राहते, मग मालक झक मारत खर्च करतो. लायनर झिजले तरी गाडी पळते, म्हणून 'पुढच्या खेपेला बघू'. त्यात डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद! अहो, ब्रेकची हवा इंजिनवरच भरते ना? १ एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या जड ट्रकच्या फिटनेस नूतनीकरणाची फी १२,५०० रुपये केली. घ्या की, पण मग ड्रम उतरवून लायनरही बघा.